शरद ऋतूतील विवाहासाठी हंगामी आणि परवडणारी फुले : निवड, जोपासना आणि मांडणी

शरदचांदणे

माझ्या धाकट्या बहिणीचा विवाह शरद ऋतूच्या मध्यावर ठरला आहे आणि फुलांची संपूर्ण जबाबदारी मी मागून घेतली आहे. मंचामागची सजावट, प्रवेशद्वार, पाहुण्यांसाठी मांडलेली बारा गोल टेबले, वधूच्या हातातला गुच्छ आणि केसांत माळण्यासाठी थोडी फुले, एवढे काम आहे. खर्चाला मर्यादा असल्यामुळे सगळे काम सजावटकाराकडे सोपवणे शक्य नाही. हाताशी चार-पाच मदतनीस आहेत, परंतु त्यांच्यापैकी कोणालाही पुष्परचनेचा अनुभव नाही.

बहिणीने छायाचित्रांत पाहिलेली फिकट गुलाबी पिओनी, म्हणजे भरगच्च पाकळ्यांचे मोठे फूल, तिच्या मनात भरली आहे. चौकशी केल्यावर या दिवसांत ती मिळणे कठीण आणि मिळाली तरी फार महाग, असे कळले. म्हणून तीन प्रश्न विचारते. शरदात कोणती फुले भरपूर येतात आणि म्हणून परवडतात? ती विवाहाच्या किती दिवस आधी आणावीत आणि ताजी कशी ठेवावीत? आणि अनुभव नसलेल्या हातांना जमतील, तरीही शोभून दिसतील अशा रचना कोणत्या? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वाफा_आणि_आळे

मी फुलशेती करतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर रोपाच्या बाजूने देतो. पिओनीच्या झाडाला हिवाळ्यातली दीर्घ थंडी मिळाल्याशिवाय कळ्या धरत नाहीत आणि ती फुलते वसंताच्या अखेरीस, तेही मोजके आठवडे. तुमच्याकडे शरद असतो तेव्हा दुसऱ्या गोलार्धात वसंत असतो, म्हणून त्या काळात दिसणारी पिओनी बहुधा विमानाने आलेली असते. तिच्या किमतीत फुलापेक्षा प्रवासाचा वाटा मोठा असतो आणि प्रवासात तिचे आयुष्यही घटलेले असते. ट्युलिप, लायलॅक आणि स्वीट पी यांनाही हीच गोष्ट लागू पडते.

शरदाचे खरे फूल शेवंती आहे. रात्र लांबू लागली की शेवंतीच्या रोपाला कळी धरण्याचा इशारा मिळतो, आणि म्हणूनच दिवस आखडू लागल्यावर ती सगळीकडे एकदम बहरते. इतर महिन्यांत तिला फुलवायचे असेल तर शेतकऱ्याला वाफ्यांवर काळे कापड ओढून खोटी रात्र करावी लागते, किंवा दिवे लावून फुलणे लांबवावे लागते, आणि तो खर्च जुडीच्या किमतीत उतरतो. शरदात हे काम निसर्ग करतो. जे फूल त्या आठवड्यात आपोआप फुलते तेच स्वस्त, तेच ताजे आणि तेच टिकाऊ असते, हे एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मी निवड झाली असे समजा.

तिच्या जोडीला झेंडू, ॲस्टर, कोंबडा, राजगिऱ्याचे लोंबते तुरे, सूर्यफूल, निशिगंध आणि हवामान फार उष्ण नसेल तर डेलिया ही मंडळी असतात. याशिवाय ज्याला कोणी फूल म्हणत नाही तेही शरदातच सर्वांत देखणे असते. गवताचे पिकलेले तुरे, रंग पालटलेली पाने, लाल-केशरी फळांनी लगडलेल्या फांद्या आणि वाळलेली बोंडे यांतले पुष्कळसे बागेच्या मालकाला विचारून विनामूल्यही मिळू शकते.

पिओनीऐवजी डेलिया घ्या, असे मी सुचवेन. मोठ्या आकाराची, भरगच्च पाकळ्यांची फिकट गुलाबी डेलिया गुच्छात बसवली की तिचा भरदारपणा पिओनीच्या जवळ जातो. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. डेलियाची कळी तोडल्यावर फारशी उमलत नाही, त्यामुळे जवळजवळ पूर्ण उमललेलेच फूल घ्यावे. आणि ती पाण्यात चार-पाच दिवसच बरी राहते, म्हणून आदल्या दिवशी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी तोडलेली मिळवावी. कडक थंडीच्या प्रदेशात पहिल्या हिमतुषाराने डेलियाचे झाड एका रात्रीत काळवंडते, तेव्हा विवाहाची तारीख त्या सुमाराची असेल तर पर्यायी फूल आधीच ठरवून ठेवावे.

देठकात्री

वाफा_आणि_आळे यांनी फुलांचे सांगितले, मी खर्चाचे आणि संख्येचे सांगते. लोकांच्या याद्या मी पाहते तेव्हा त्यांत बहुतेक वेळा दहा-बारा प्रकारची फुले थोडी थोडी लिहिलेली असतात. त्यामुळे प्रत्येक प्रकाराची अर्धी जुडी वाया जाते आणि सजावटीत एकसंधपणाही येत नाही. एक प्रमुख फूल, एक सोबतीचे फूल, एक भरावाचे आणि एका प्रकारची हिरवाई, एवढ्यावर संपूर्ण विवाह उत्तम सजतो. एकाच फुलाची मोठी संख्या एकत्र आली की ते फूल कितीही साधे असले तरी भारदस्त दिसते.

दुसरे असे की फुलवाल्याकडे जाताना फुलाचे नाव आणि जात धरून बसू नका, रंगाची छटा आणि आकार सांगा. "अमुक जातीचा गुलाब" असे म्हटले की तो नसल्यास दुरून मागवावा लागतो. "फिकट गुलाबी ते पीच या छटांतले, मुठीएवढे गोल फूल, त्या आठवड्यात जे भरपूर असेल ते" असे सांगितले की फुलवाल्याला मोकळीक मिळते आणि तुमचे पैसे वाचतात. छटांचा एक छोटा कागदी नमुना सोबत न्या, कारण "फिकट गुलाबी" म्हणजे नेमके काय यावर दोन माणसांचे एकमत होणे कठीण असते.

आता संख्या. टेबलांवर एकेक मोठी फुलदाणी ठेवण्यापेक्षा तीन-तीन छोट्या बाटल्या वेगवेगळ्या उंचीच्या ठेवा. बारा टेबलांना छत्तीस बाटल्या आणि प्रत्येक बाटलीत तीन काड्या, म्हणजे १०८ काड्या होतात. वाटेत मोडणाऱ्या आणि मान टाकणाऱ्या फुलांसाठी त्यावर दहा टक्के वाढवले की १२० च्या आसपास हिशेब येतो. यातही फांदीवाली शेवंती घेतली तर तिच्या एका देठावर पाच-सात फुले असतात आणि त्या देठाच्या तीन काड्या सहज निघतात. म्हणजे चाळीस देठांत सगळी टेबले होतात, आणि हीच बचत पुढे डेलियावर खर्च करता येते.

पैसा कुठे खर्च करायचा यालाही एक क्रम आहे. पाहुण्यांची नजर आणि कॅमेरा जिथे सर्वाधिक वेळ राहणार आहे, म्हणजे वधूवरांच्या चेहऱ्याच्या आसपास, तिथे उत्तम फुले लावावीत. मंचाची मागची बाजू गुडघ्यापर्यंत भरून काढण्यात काही अर्थ नसतो, कारण माणसे समोर उभी राहिली की ती दिसतच नाही. कमरेपासून डोक्याच्या वर थोडेसे, एवढा पट्टा भरीव करावा आणि बाकी हिरवाईवर सोडावे. खुर्च्यांच्या रांगांना फुले बांधण्याचा खर्च मी पहिल्या झटक्यात वगळते.

शरदचांदणे

दोघांचेही मनापासून आभार. डेलियाची कल्पना बहिणीला एकदम पटली. शेवंतीविषयी मात्र ती जरा नाखूश आहे, ते फूल नेहमीचे वाटते असे तिचे म्हणणे आहे. शिवाय सभागृहात संध्याकाळी पिवळे दिवे असतात आणि बहिणीला जांभळा रंग हवा आहे. या दोन्हींचा मेळ कसा घालावा?

देठकात्री

जांभळ्याचा विचार सोडावा, असे मी स्पष्टच सांगते. पिवळ्या, उबदार प्रकाशात निळा आणि जांभळा रंग आपली चमक गमावतात. दिवसा सुंदर दिसणारी गडद जांभळी फुले रात्री काळपट तपकिरी दिसतात आणि छायाचित्रात तिथे नुसते खड्डे उमटतात. याच प्रकाशात पांढरा, मोतिया, पीच, गुलाबी आणि पिवळा हे रंग उजळून निघतात. जांभळ्याची हौसच असेल तर ती वधूच्या हातातल्या गुच्छात, अगदी फिकट छटेत आणि पांढऱ्याच्या शेजारी ठेवून भागवा. कोणताही निर्णय घेण्यापूर्वी ठरलेल्या फुलांतली दोन-तीन घेऊन संध्याकाळी त्याच सभागृहात, त्याच दिव्यांखाली उभे राहून पाहावे. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली केलेली रंगांची निवड फसवी ठरते.

शेवंतीविषयी बहिणीला थोडे अधिक दाखवा. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तिचा एकच पिवळा किंवा पांढरा प्रकार असतो. प्रत्यक्षात बटणाएवढी गच्च गोल शेवंती असते, मधे हिरवट डोळा असलेली एकेरी पाकळ्यांची असते, चमच्यासारख्या टोकांच्या पाकळ्यांची असते, आणि बाकीच्या कळ्या खुडून एका देठावर एकच वाढवलेली, तळहाताएवढी, पाकळ्या आत वळलेली मोठी शेवंतीही असते. ही शेवटची मोतिया किंवा गुलाबी रंगात, पाने काढून, डेलियाच्या शेजारी ठेवली तर पाहणाऱ्याला दोन्ही फुले एकाच कुळातली वाटतात, आणि खरोखरच ती एकाच कुळातली आहेत. तिच्या देठावरची भरड पानेच तिला "नेहमीची" बनवतात. ती काढून टाका आणि जागा दुसऱ्या हिरवाईने भरा, मग बहिणीला पुन्हा विचारा.

रसशाळा

ताजेपणाच्या प्रश्नावर लिहितो, कारण स्वस्त फुलांची बदनामी बहुतांशी पाण्यामुळे होते. देठ कापला की त्याच्या सूक्ष्म नळ्यांत हवा शिरते, आणि पाणी घाणेरडे असेल तर जीवाणूंची बुळबुळ त्याच नळ्या बंद करते. बादलीत पाणी असूनही फूल तहानेने मान टाकते ते यामुळे. म्हणून पहिली अट स्वच्छ भांड्यांची. बादल्या साबणाने घासून, ब्लीचच्या पाण्याने विसळून मगच वापराव्यात.

फुले घरी आली की प्रत्येक देठाचा खालचा दोन-तीन सेंटिमीटर भाग धारदार सुरीने किंवा कात्रीने तिरका कापावा. तिरका कापण्याचा मुख्य फायदा असा की देठ भांड्याच्या तळाला सपाट टेकून बंद होत नाही. शेवंतीसारख्या लाकडी देठांची टोके हातोडीने ठेचण्याची जुनी पद्धत आहे, ती टाळावी, कारण ठेचल्याने नळ्या चिरडतात आणि जीवाणूंना वाव मिळतो. पाण्याखाली जाणारे प्रत्येक पान काढावे. झेंडू आणि ॲस्टर यांच्या बाबतीत तर हे अत्यावश्यक आहे, त्यांची पाने पाण्यात एका दिवसात कुजून वास मारू लागतात. नंतर साधारण ४० अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात फुले उभी करून काही तास, शक्यतो रात्रभर, अंधाऱ्या आणि थंड खोलीत ठेवावीत. या विश्रांतीविना थेट रचनेत गेलेले फूल समारंभाच्या ऐन वेळी दगा देते.

फुले टिकावीत म्हणून पाण्यात घालायच्या तयार पुडीत तीन घटक असतात : साखर पोषणासाठी, आम्ल पाणी सहज वर चढावे म्हणून आणि जंतुनाशक नळ्या मोकळ्या राहाव्यात म्हणून. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात एक चमचा साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि घरगुती ब्लीचचे काही थेंब पुरतात. ब्लीच आणि लिंबाचा रस थेट एकमेकांत कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. दोन्ही वेगवेगळे, भरपूर पाण्यातच घालावेत. नुसती साखर घालणे मात्र जीवाणूंनाच पोसणे आहे. तांब्याचे नाणे किंवा ॲस्पिरिनची गोळी यांच्यावर विसंबू नका.

आणखी एक शत्रू डोळ्यांना दिसत नाही. पिकलेली फळे, कुजणारी पाने आणि वाहनांचा धूर यांतून इथिलीन वायू बाहेर पडतो. कार्नेशनला तो लागला की पाकळ्या आत वळून फूल "झोपते" आणि पुन्हा जागे होत नाही. म्हणून फळांनी भरलेल्या घरच्या फ्रिजमध्ये फुले ठेवू नयेत. त्यापेक्षा उन्हापासून दूर असलेली, पंखा बंद असलेली थंड खोली कितीतरी चांगली. फुलांवर पाणी शिंपडून ती बंद खोक्यात ठेवण्याची सवयही सोडावी. पाकळ्यांवर साचलेल्या थेंबांत करड्या बुरशीचे डाग पडतात आणि ते पांढऱ्या व फिकट फुलांवर लगेच दिसतात.

सावलीचे_झाड

एवढा खटाटोप करण्यापेक्षा चांगल्या प्रतीची कापडी फुले का घेऊ नयेत? ती कितीही दिवस आधी तयार करता येतात आणि ऐन वेळी सुकण्याची भीती नसते. दुसरा प्रश्न असा की पाणी शोषून धरणाऱ्या हिरव्या फोमच्या ठोकळ्यात फुले खोचणे सर्वांत सोपे आहे, नवख्यांना तेच सुचवावे असे मला वाटते.

देठकात्री

आपली शंका रास्त आहे. छतालगत, जिथे हात पोहोचत नाही आणि पाणी देता येत नाही, तिथे कापडी फुले वापरायला माझी काहीच हरकत नाही. पण टेबलावर, हातभर अंतरावर ती ओळखू येतातच. शिवाय चांगल्या प्रतीची कापडी फुले हंगामी फुलांपेक्षा बहुधा महाग पडतात. ती पुन्हा पुन्हा वापरणार असाल तरच त्यांचा खर्च वसूल होतो.

फोमविषयी माझे मत ठाम आहे. तो १९५४ मध्ये फुलांसाठी वापरात आला आणि त्याने सजावटकारांचे काम नक्कीच सोपे केले. परंतु तो प्लास्टिकचा फेस आहे. हातात चुरला की त्याचे बारीक कण पाण्यावाटे गटारात जातात आणि ते कुजत नाहीत. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्याचा वापर थांबवला आहे. नवख्यांसाठी तो सोपा असतो हेही मला अर्धेच खरे वाटते. एकदा खोचलेला देठ काढून दुसरीकडे लावला की जुने छिद्र राहते, दोन-चार दुरुस्त्यांत ठोकळा भुसभुशीत होतो, आणि छिद्रात हवेची पोकळी राहिली तर त्या देठाला पाणीच मिळत नाही. मऊ देठाची डेलिया तर त्यात धड शिरतही नाही.

त्याऐवजी षटकोनी छिद्रांची लवचीक तारेची जाळी घ्यावी. तिचा सैलसर गोळा करून भांड्यात बसवावा आणि भांड्याच्या तोंडावर चिकटपट्टीची फुली मारून तो पक्का करावा. देठ जाळीच्या दोन-तीन थरांतून गेला की हवा तसा तिरका उभा राहतो, आणि शंभर वेळा काढून लावला तरी जाळीचे काही बिघडत नाही. रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्याला पारदर्शक चिकटपट्टीच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट केली तरी पुरते. मंचासाठी उंच, जड बादल्यांत जाळी घालून पुढे फांद्या झुकवल्या की बादली झाकली जाते.

मांडणीचा क्रम सांगते. आधी हिरवाईने आकार ठरवावा, कारण हिरवाई स्वस्त असते आणि चुकली तर बदलता येते. मग शेवंतीने गाभा भरावा. मोठी डेलिया त्यानंतर, तीन किंवा पाचच्या गटात आणि थोडी खोलवर बसवावी. सर्व फुले एकाच पातळीवर आली की रचना सपाट दिसते, म्हणून काही आत आणि काही बाहेर असावीत. गवताचे तुरे आणि जिप्सो (भरावाची बारीक पांढरी फुले) अगदी शेवटी, हात राखून. टेबलावरच्या रचनेची उंची तीस-पस्तीस सेंटिमीटरच्या आत ठेवा, म्हणजे समोरासमोर बसलेल्यांना मान वाकडी न करता बोलता येईल.

शरदचांदणे

देठकात्री ताई, हातातला गुच्छ बांधण्याची पद्धत थोडी उलगडून सांगाल का? तो मीच बांधणार आहे आणि सर्वांत जास्त धास्ती त्याचीच आहे.

देठकात्री

अवश्य. सर्व देठांची खालची दोन तृतीयांश पाने काढून फुले प्रकारानुसार टेबलावर ओळीने मांडून ठेवा, म्हणजे एक हात गुंतलेला असताना दुसऱ्याने उचलता येतील. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात पहिले फूल सरळ धरा. दुसरे फूल त्याच्यावर तिरके ठेवा, फुलाचे डोके डावीकडे आणि देठाचे टोक उजवीकडे. तिसरेही त्याच दिशेने तिरके. दर दोन-तीन फुलांनंतर संपूर्ण जुडगा हातातच थोडा फिरवा आणि पुढचे फूल पुन्हा त्याच कलाने ठेवा. एकही देठ उलट्या दिशेने जाऊ द्यायचा नाही, हा एकच नियम आहे. तो पाळला की खाली देठांचा पिळदार पंखा आपोआप तयार होतो, वर फुले गोल घुमटासारखी पसरतात आणि एखादे फूल वर ओढणे किंवा खाली सरकवणे सोपे जाते. एक देठ जरी उलटा गेला तरी बांधताना तो चेपतो आणि मोडतो.

पकड घट्ट करू नका. जिथे देठ एकमेकांना ओलांडतात तिथेच, बोटांच्या लगेच वर, मऊ दोरीचे चार-पाच वेढे द्यावेत. देठ एका पातळीत कापून गुच्छ पुन्हा पाण्यात उभा करावा. फीत मात्र समारंभाच्या थोडे आधीच, देठ कोरडे पुसून गुंडाळावी, नाहीतर पाण्याचे डाग कपड्यांवर उतरतात. पंधरा ते वीस देठांचा गुच्छ पुरेसा भरतो, त्याहून मोठा हातात जड होतो. आदल्या आठवड्यात बागेतल्या कोणत्याही पानांवर दोन-तीन वेळा सराव केलात तर धास्ती उरणार नाही.

केसांसाठी वेगळी फुले निवडा, कारण तिथे पाणी मिळत नाही. बटण शेवंती, कोंबड्याचे लहान तुकडे, स्टॅटिस (कागदासारख्या पाकळ्यांची लहान फुले) आणि कार्नेशन पाण्याविना तासन्‌तास टिकतात. डेलिया आणि हायड्रेंजिया केसांत माळू नयेत, ती लवकर कोमेजतात.

वाफा_आणि_आळे

प्रवेशद्वार उघड्यावर असेल तर शरदाच्या वाऱ्याचाही विचार करावा. दिवसा ऊन, संध्याकाळी अचानक गारवा आणि मधेच झोत, असे हे दिवस असतात. उंच भांड्यांत तळाला दगड किंवा वाळू भरून वजन द्यावे. वारा पाकळ्यांतले पाणी उन्हापेक्षाही लवकर ओढून घेतो, त्यामुळे दारात नाजूक फुले नकोत. तिथे झेंडू, कोंबडा, फळांच्या फांद्या आणि गवताचे तुरे वापरावेत. देठाविना नुसती झेंडूची फुले ओवून केलेल्या माळांना पाणी लागत नाही, त्या नवख्या हातांनाही जमतात, आणि मोठी जागा भरून काढणारा याहून स्वस्त मार्ग मला ठाऊक नाही.

निशिगंध घेणार असाल तर देठावरची खालची दोन-तीन फुले उमललेली आणि वरच्या कळ्या टणक असलेला घ्या. तो खालून वर फुलत जातो. त्याचा सुवास संध्याकाळी वाढतो, म्हणून बंद सभागृहातल्या जेवणाच्या टेबलांवर तो नको. प्रवेशद्वाराशी मोजक्या काड्या ठेवल्या तर येणाऱ्याचे स्वागत सुगंधाने होते आणि कोणाचे डोकेही दुखत नाही. ग्लॅडिओलस आणलात तर तो उभाच ठेवा. आडवा ठेवला तर काही तासांत त्याची शेंडी वर वळते आणि तो बाक पुन्हा सरळ होत नाही.

शरदचांदणे

तुम्हा सर्वांच्या सूचनांवरून बेत आखला आहे. प्रमुख फूल गुलाबी डेलिया, सोबतीला मोठी मोतिया शेवंती, टेबलांसाठी फांदीवाली पीच आणि पांढरी शेवंती, भरावाला जिप्सो आणि गवताचे तुरे, हिरवाई निलगिरीच्या फांद्यांची. दारात झेंडूच्या माळा आणि थोडा निशिगंध. बहिणीने मोठी शेवंती प्रत्यक्ष पाहिली आणि तिचा विचार पूर्ण बदलला. आता तीच आग्रहाने मागते आहे.

वेळापत्रक असे : विवाहाच्या तीन दिवस आधी हिरवाई आणि सर्व शेवंती आणून कापून पाण्यात ठेवायची. दोन दिवस आधी निशिगंध आणि जिप्सो. आदल्या दिवशी सकाळी डेलिया आणि झेंडू, दुपारी मंचाच्या बादल्या व टेबलांच्या बाटल्या, संध्याकाळी माळा. गुच्छ विवाहाच्या दिवशी पहाटे. विधी झाल्यावर मंचावरच्या दोन छोट्या रचना वधूवरांच्या टेबलावर हलवायच्या आहेत. यात काही बदल सुचवाल का?

रसशाळा

निशिगंध एक दिवस उशिरा आणलात तरी चालेल, मात्र शेवंती तीन दिवस आधी आणणे अगदी योग्य आहे, ती नीट सांभाळली तर दहा-बारा दिवसही राहते. बादल्यांतले पाणी दररोज बदलून देठांची टोके पुन्हा कापावीत. बाटल्यांत घरी पाणी भरून त्या वाहनातून नेऊ नका. रिकाम्या बाटल्या आणि फुलांच्या बादल्या वेगळ्या न्याव्यात आणि पाणी तिथेच भरावे. फुले वाहनाच्या बंद डिकीत उन्हात उभी राहणार नाहीत याची काळजी घ्यावी.

देठकात्री

बेत चांगला आहे. दोनच गोष्टी जोडते. मंचाच्या बादल्या शक्य असेल तर सभागृहातच रचाव्यात, कारण पाण्याने भरलेली उंच रचना हलवताना निम्मी विस्कटते. आणि विधीनंतर रचना हलवण्याचे काम एका ठरावीक व्यक्तीकडे, तिचे नाव कागदावर लिहून सोपवावे, कारण त्या क्षणी तुम्ही स्वतः छायाचित्रांसाठी मंचावर असाल आणि "कोणीतरी हलवेल" असे धरून चालले की त्या रचना रिकाम्या मंचावरच राहतात. त्याच व्यक्तीकडे एक कात्री, दोरी, चिकटपट्टी आणि पाच-सहा राखीव शेवंतीचे देठ एका बादलीत देऊन ठेवावेत.

शरदचांदणे

मावसभावाने ते काम घेतले आहे आणि राखीव बादलीची नोंदही केली आहे. निशिगंध आता डेलियाबरोबरच, आदल्या दिवशी सकाळी आणेन. उद्या संध्याकाळी शेवंतीच्या दोन छटा घेऊन सभागृहातल्या दिव्यांखाली पाहून येते आणि त्यानंतरच फुलवाल्याला अंतिम संख्या कळवते.